भरतीला सोडलेला दिवा

काका गेल्यापासून मी देवासमोर दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. दिवा लावणं हे घरातलं एक काम होतं, केर काढण्यासारखं, ते मी करत होते. काका तिकडे थायलंडमध्ये दवाखान्यात होते तेव्हा मी गावदेवीला अनवाणी गेले होते, मंगळवार धरले होते आणि मनातल्या मनात देवीशी इतकं बोलले होते, की कॉलेजात सरांनी माझं नाव घेतलं तरी मला ऐकू येत नसे. काका वाचले नाहीत. त्यानंतर कुणाशी बोलायचं आणि कशासाठी, हेच मला कळेना. पुढे जे घडलं ते कुणाला पटवून द्यावं म्हणून मी लिहीत नाही. मला स्वतःलाच ते अजून पुरतं समजलेलं नाही.

आमचं घर पनवेलच्या खाडीला लागून आहे, बांधाच्या अगदी आत. आजोबांचं मिठागर होतं. ते भरावाखाली गेलं, तेव्हा बाबा तळोज्याच्या कारखान्यात पाळीने जाऊ लागले आणि धाकटे काका बोटीवर स्वयंपाकी म्हणून लागले. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. तोही काकांचाच हट्ट. थायलंडच्या एका बंदरावर, खानावळीत काम करणारी नोय त्यांना भेटली. लग्न तिकडेच झालं, संसारही तिकडेच झाला. काका कधीतरी सुट्टीला यायचे, ते एकटेच. आजोबांनी त्यांना लग्नाबद्दल कधी विचारलं नाही, आणि सुनेला घेऊन ये असंही कधी म्हटलं नाही. दोघंही वाट पाहत राहिले असावेत, दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून.

काका गेले तेव्हा निर्णय ताबडतोब घ्यावा लागला. बाबांनी फोनवर होकार दिला आणि दहन तिकडेच झालं. दिवाळीच्या आधी काकी अस्थी घेऊन आली. पांढऱ्या कापडात बांधलेला कलश छातीशी धरून ती आमच्या दारात उभी राहिली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. आजोबांनी कलश घेतला, तिच्याकडे पाहिलं नाही. "माज्या पोराचं तोंड मला न दाखवता जाळला," एवढंच ते आत जाताना म्हणाले. ते वाक्य मी काकीला इंग्रजीत सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. अस्थी विसर्जनाला होडीतून घरचे पुरुष गेले. काकी ओट्यावर बसून राहिली. होडी वळणाआड गेल्यावरही ती तिकडेच पाहत होती.

काकी आणि घर यांच्यामध्ये मी एकटीच होते. माझं इंग्रजी कॉलेजात शिकलेलं, तिचं खानावळीत शिकलेलं. दोन्ही मोडकी, पण एकमेकांना पुरायची. आईचं तिच्याशी चुलीजवळ हातवाऱ्यांनी जमलं होतं. आजोबा मात्र तिला 'ती बाई' म्हणायचे. त्या बाईला सांग चहा झालाय. त्या बाईला सांग इथं साप असतात, अंधारात बांधावर जाऊ नको. तिच्या हातचा भात ते जेवत, पण तो कुणी शिजवला हे कधी विचारत नसत. पौर्णिमा झाली की तिचं विमान होतं. ती गेली की पुन्हा यायला तिला काही कारण उरणार नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबांनी एकदा, फक्त एकदा तिला घरची म्हणावं, एवढंच मला हवं होतं. पण ते मागायचं कुणाकडे? मागणं तर मी बंद केलं होतं.

काकी पौर्णिमेपर्यंत थांबली त्याला कारण होतं. तिच्याकडे त्या रात्री लॉय क्राथोंग नावाचा सण असतो. केळीच्या पानांचा कमळासारखा द्रोण करून त्यात फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती ठेवतात, आणि तो पाण्यात सोडतात. वर्षभर पाणी वापरलं, मळवलं, त्याबद्दल पाण्याच्या आईची क्षमा मागतात, आणि मनातलं जड काही असेल ते त्या द्रोणासोबत जाऊ देतात. पाण्याच्या त्या आईला ते खोंगखा म्हणतात. ती आपलीच गंगा, हे मी मोबाईलवर वाचलं. विसर्जनाला काकीला नेलं नव्हतं. तिला काकांना या द्रोणातून निरोप द्यायचा होता.

मग दिवस कोणता धरायचा, यावर आमच्या दोघींचं बरंच बोलणं झालं. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो कार्तिक महिना, तिच्या आईच्या कॅलेंडरात बारावा. चंद्र एकच, पण आमची त्रिपुरी पौर्णिमा एक दिवस आधी येत होती आणि त्यांचा सण दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, त्रिपुरीलाच करू, सगळं गाव दिवे लावतं, कुणाचं लक्ष जाणार नाही. काकीने मान हलवली. तिची आई उत्तर थायलंडमध्ये एका नदीकाठच्या गावात राहते. आई ज्या क्षणी तिथे द्रोण सोडेल, त्याच क्षणी काकीला इथे सोडायचा होता. तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. तिची आई आठ वाजता घाटावर जाणार, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. मी ते वहीच्या कोपऱ्यात मांडून तिला दाखवलं आणि मला उगाचच मोठं काम केल्यासारखं वाटलं.

त्या दुपारी आईने न विचारता परसातली केळ तोडली. काकीने खांबाची जाड चकती कापली, पानांच्या पट्ट्या दुमडून तिच्याभोवती पाकळ्या लावल्या. टोचायला टाचण्या नव्हत्या, म्हणून आईने खराट्याच्या हिरांचे तुकडे करून दिले. "पत्रावळीवानीच हाय की," आई म्हणाली आणि दोन पाकळ्या स्वतः लावून गेली. काकीने झेंडू ठेवले, आपले केस आणि नखं कापून त्यात घातली. तो त्यांचा रिवाज आहे, नको झालेलं जाऊ द्यायचा. मग तिने बॅगेतून एक बुटकी बाटली काढली. तिच्यात जाडं, करडं मीठ होतं. काकांनी ते इथून नेलेलं, बोटीवरही सोबत असायचं, घरी ते बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवलेलं असायचं, एवढंच तिला माहीत होतं. ते समुद्राचं आहे, समुद्राला परत देऊ, असं ती म्हणाली. तिने ते केळीच्या पानात बांधून द्रोणाच्या मधोमध ठेवलं.

आजोबा रोज संध्याकाळी घरामागच्या उघाडीवर बसतात. उघाडी म्हणजे बांधातलं दार, जिथून पूर्वी खाडीचं पाणी मिठागरात घेत. आता आत घ्यायला काही उरलेलं नाही, तरी ते तिथेच बसतात. त्यांना दिसू नये म्हणून आम्ही मुद्दाम खाडीच्या मुखाकडच्या जुन्या धक्क्यावर गेलो. तिथून द्रोण थेट समुद्राला जाईल, घराकडे फिरकणारही नाही, असा माझा हिशोब होता.

धक्क्यावर पोचलो आणि मी कपाळाला हात लावला. खाडीत पाणीच नव्हतं. पायऱ्यांच्या खाली नुसता चिखल, त्यात खेकडे पळत होते, आणि पलीकडे मधोमध पाण्याची एक बारीक रेघ. तिथी पाहिली, महिना पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि भरती आहे की सुकती, म्हणजे ओहोटी, तेवढं पाहायचं राहून गेलं. खाडीकाठी जन्मलेल्या मुलीने. काकीच्या गावची नदी एकाच दिशेने वाहते, दिवसातून दोनदा रिकामी होत नाही, त्यामुळे तिच्या मनात ते येणंच शक्य नव्हतं. तेवढ्यात तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे भरलेल्या नदीवर दिवेच दिवे. काकीने फोन चिखलाकडे वळवला. तिची आई इतकी हसली, की काकीही रडता रडता हसली.

कॉल संपल्यावर मात्र काकी पायरीवर बसली. हे पाणीसुद्धा मला घेत नाही, असं ती हळूच म्हणाली. मी घरी जाऊ म्हटलं. काही अंतरावर एक म्हातारे चाचा जाळं सांधत बसले होते. मी त्यांना ओळखत नव्हते. ते बराच वेळ आमची फजिती पाहत असावेत.

"काय गो, फुलं चिखलात लावाला आणलीस?"

मी सगळं सांगितलं. काका गेले, ही त्यांची बायको, उद्या तिचं विमान. चाचांनी जाळं खाली ठेवलं.

"पाणी काय पळून नाय गेलंय. येतंय. सबर करा जरा," ते म्हणाले.

आम्ही थांबलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. डोंगरामागून चंद्र वर आला. पाणी कधी आलं ते समजलं नाही. आधी खेकडे नाहीसे झाले, मग खालची पायरी, मग तिच्यावरची. चाचांनी शेवाळलेल्या पायरीवर काकीला हाताने धरलं, टोपीच्या आडोशाने मेणबत्ती पेटवू दिली. तिने द्रोण कपाळाला लावला, तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत तो सोडून दिला. द्रोण गोल फिरला, थांबला, आणि समुद्राकडे पाठ करून आत निघाला. आत म्हणजे आमच्या घराकडे. पाणी भरत होतं, ते दुसरं काय करणार?

"तुमच्याच गावाकडं चाललंय," चाचा म्हणाले.

काकीचा चेहरा उतरला. परत येणारा द्रोण चांगला नाही, असं त्यांच्याकडे काही जण मानतात. काकांना माझा निरोप नको आहे, असं तिला वाटलं. मला वेगळीच भीती होती. आजोबा. आम्ही बांधावरून त्या दिव्याच्या मागे चालू लागलो. तो कांदळवनात अडकेल, विझेल, असं मला सारखं वाटत होतं, आणि खरं सांगते, विझावा असंही वाटत होतं. तो विझला नाही. एका फांदीला अडला, सुटला आणि पुढे गेला. वळणावर दिसेनासा झाला.

आम्ही उघाडीजवळ पोचलो तेव्हा आजोबा गुडघाभर पाण्यात उभे होते. द्रोण त्यांच्या हातात होता, मेणबत्ती जळत होती. पानाची पुडी त्यांनी सोडली होती. त्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं.

"आपल्या आगराचं हाय," ते म्हणाले. "शेवटच्या सालचं. कुणी आणलं?"

मी सांगितलं. बाटली, बोट, बुद्धाशेजारची जागा, सगळं. मध्ये मध्ये काकीला विचारून, अडखळत सांगितलं. त्यांनी विचारलं, जेवणात कधी घातलं नाय? मी काकीला विचारलं. तिने मान हलवली. ती म्हणाली, मी एकदा आमटीत घालायला घेतलं तर तुझ्या काकांनी हात धरला, हे माझ्या बापाचं आहे म्हणाले. हे मी मराठीत सांगितलं.

"येडा," आजोबा म्हणाले. "मीठ काय ठेवाला असतं?" मग ते द्रोणाकडे पाहून, आमच्यापैकी कुणालाच नाही असं बोलले, "आला घरी."

काकी काठावर थरथरत उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, सरळ.

"तुजी काकी थंडीनं कापते. घरात ने तिला. हा आता नाय जायाचा. पहाटे सुकतीला सोडू, आमी दोघं."

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं तर काकीने माझ्या हातावर हात ठेवला. तिला कळलं होतं.

पहाटे आजोबांनीच तिला उठवलं. त्यांनी मिठाचे तीन भाग केले. एक चिमूट आपल्या डबीत ठेवली, एक काकीच्या बाटलीत परत घातली आणि बाकीचं द्रोणात. नवी मेणबत्ती आईने दिली. पाणी उतरत होतं. दोघांनी द्रोण दोन्ही बाजूंनी धरून सोडला आणि या वेळी तो थेट मुखाकडे गेला. दिसेनासा होईपर्यंत आजोबांनी तिचं कोपर धरून ठेवलं होतं, पाय घसरू नये म्हणून. त्याच दिवशी काकी गेली. निघताना तिने वाकून नमस्कार केला तेव्हा ते म्हणाले, "ये परत," आणि लगेच दुसरीकडे पाहू लागले.

पौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या खाडीला सुकती असते आणि नंतर पाणी आत येतं. दर पौर्णिमेला असंच होतं. यात काही चमत्कार नाही, हे मला माहीत आहे. पण आम्ही जागा निवडली ती आजोबांना टाळायला, वेळ निवडली ती दुसऱ्या देशातल्या घाटाची, आणि दोन्ही चुका मिळून जिथे पोचायचं होतं तिथेच पोचलो. चाचांनी थांबवलं नसतं तर द्रोण घेऊन आम्ही घरी आलो असतो. त्यांचे आभार मानायचे राहून गेले. नंतर दोनदा धक्क्यावर गेले, ते दिसले नाहीत. मी देवीकडे काका मागितले होते, ते मिळाले नाहीत. जे मागायचं मी सोडून दिलं होतं, ते मात्र पाणी घेऊन आलं. याचा अर्थ लावायला मी कोण? आपण फक्त सोडून द्यायचं, दिशा आपल्या हातात नाही, एवढंच त्या दिवशी माझ्या पदरात पडलं. काकी गेली त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि हात जोडले. काही मागितलं नाही.

आता आजोबा रोज संध्याकाळी माझ्याकडून काकीला फोन लावून घेतात. दोघांची भाषा एक नाही, त्यामुळे बोलणं फारसं होत नाही. ते उघाडीवर बसून फोन खाडीकडे धरतात आणि तिला पाणी दाखवतात. पाणी चढत असलं तर "भरती" म्हणतात, उतरत असलं तर "सुकती". तिकडून काकी तोच शब्द परत म्हणते. चुकला तर ते पुन्हा म्हणून दाखवतात.