कॅप्टनचं माऊथगार्ड

"हात पुढे कर."

मी केला. कॅप्टननं तोंडातलं माऊथगार्ड माझ्या तळहातावर थुंकलं. दातांवर बसवायचं रबरी कवच ते. कोमट, लाळेनं बरबटलेलं. मग तो सावकाश पाणी प्यायला. शेजारी आणखी दोन सीनियर उभे होते. त्यांनीही आपापली माऊथगार्ड माझ्याच हातावर थुंकली.

"बी.ए. आहे म्हणे," एकजण म्हणाला. "डिग्रीवाला ट्रे भारी आहे रे!"

सगळे हसले. मीपण हसलो. ते हसणं मला अजून सलतं.

हे जळगावच्या मैदानावर, आमच्या व्यावसायिक रग्बी संघाच्या शिबिरात. नव्या खेळाडूनं सीनियरांची माऊथगार्ड हातात धरायची, त्यांचं पाणी पिऊन झालं की धुऊन परत द्यायची. प्रत्येकाच्या बॅगेत ते ठेवायची डबी होती. तरी त्यांना आमचा हात लागायचा. याला ते टीमची परंपरा म्हणायचे.

मी रावेरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. बाप केळीच्या बागांत मजुरी करतो. आई लोकांच्या पंगतीतली उष्टी पानं उचलायची. मी बी.ए. झालो त्या दिवशी तिनं ते काम सोडलं. म्हणाली, "आता आपल्या घरात कोणी कोणाचं उष्टं उचलायचं नाही." फोनवर ती विचारायची, टीममधली माणसं कशी आहेत? मी सांगायचो, चांगली आहेत.

तिसऱ्या आठवड्यात भडगावचा एक नवा खेळाडू आला. माझ्याच वयाचा. पाणी प्यायला थांबलो तेव्हा मीच त्याला शिकवलं, "तळहात खोलगट धर. खाली पडत नाही."

"हाई काय शे, भाऊ? बठ्ठा असंच करतस का?"

"करतात. सगळेच."

"आनि मी नही धरा ते?"

"मग टीममधली जागा जाते."

बोलून गेलो, मग विचार आला. मला हे कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. टोमणे त्यांचे होते, धाक मी स्वतःच तयार केला होता. आणि आता दुसऱ्याला वाटत होतो.

धुळ्याला सात-सात खेळाडूंचा, छोट्या डावांचा सराव सामना होता. त्यानंतर लीगसाठी बारा जणांची निवड. बसमध्ये कॅप्टन मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसला. खांद्यावर हात टाकला. "भाऊ, तू तर घरचा माणूस. टॅकल काय करतोस यार! तुझं नाव मी लावून धरणार." तीन आठवडे मी 'ए केळी' होतो. पारोळा यायच्या आत भाऊ कसा झालो? मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो उतरता उतरता बोलला, "त्या भडगाववाल्याला समजाव. फार प्रश्न विचारतो."

असं होतं तर.

सामन्याच्या मध्यंतरात कॅप्टन माझ्यासमोर आला. "हात."

मी हात पाठीमागं बांधले. "तुमची डबी आहे ना बॅगेत? तिच्यात ठेवा."

"शिकलेला आहेस म्हणून बोलतोस?"

"हो. आणि शिकलो नसतो तरी बोललो असतो. जरा उशिरा बोललो, एवढंच."

या वेळी कोणी हसलं नाही. भडगाववाला हळूच माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याचेही हात पाठीमागं.

सामना संपल्यावर कोचनं मला बाजूला घेतलं. हातात टाईप केलेला कागद दिला. "सही कर, विषय संपव. उद्या यादी लागायचीय."

माझा बाप न वाचता अंगठे देत आला. मी पूर्ण वाचलं. 'माझ्याकडून ज्येष्ठ खेळाडूंचा अनादर झाला, त्याबद्दल मी माफी मागतो.' मध्यंतराला अर्धा तासही झाला नव्हता. एवढ्यात टाईप कुठं झालं? की हा कागद आधीपासूनच तयार असतो? माझ्याआधी किती जणांनी सही केली असेल?

मी ती ओळ खोडली. खाली पेनानं लिहिलं, कोणी काय केलं, कोणासमोर, किती दिवस. भडगाववाल्याला मी काय शिकवलं, तेही लिहिलं. मग पूर्ण नावानं सही केली.

कोचनं कागद दोनदा वाचला. "अरे, हे वर गेलं तर?"

"वर पाठवायलाच लिहिलंय, सर. कागदाचा फोटो काढून ठेवलाय."

उद्या यादी लागेल. नाव असेल किंवा नसेल. मी सकाळी वेळेवर मैदानात उतरणार. मला काढायचं असेल तर लेखी कारण देऊन काढा. तोंडी निरोप मी घेणार नाही.