दादांचे इंजन उचलताना

धाकट्याने भावाला खाली ठेवले आणि इंजन उचलले, असे आमच्या गावात अजून म्हणतात. एखादे वाक्य जिभेला गोड लागले की माणसे ते चघळत राहतात; ते खरे आहे का, हे कोणी विचारत नाही. मी त्यांना तोंडाने कधी उत्तर दिले नाही. मला ते जमत नाही. म्हणून लिहितो.

आमची शेते तापीच्या दोन्ही काठांना होती. येण्याजाण्यासाठी माझ्या थोरल्या भावाने, दादांनी, एका शिडाची लहान होडी बांधून घेतली होती. वारा पडला की वल्ही मारावी लागत. पुढे, बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी होडीच्या मागच्या फळीला अडकवायचे इंजन घेतले. वर डोके, खाली लांब पाय, आणि पायाला पंखा. गावाने त्याला हसून घेतले. "नदीले बी आते मोटर लागनी का!" असे काका म्हणाले होते, आणि पुढे त्याच होडीत बसून सगळ्या बाजारांना गेले.

वारा धरला की दादा इंजन लगेच वर घेत. शीड फुगलेले आणि इंजन पाण्यात, म्हणजे बैल पळवायचे आणि गाडीला मागून ओंडका बांधायचा. शिवाय आमची तापी वरून शांत दिसते. पूर ओसरल्यावर तिच्या पोटातला कोणता खडक कुठवर आला आहे, ते तिलाच ठाऊक. म्हणून वारा आला की दादा एकच शब्द बोलत, "उचल!" आणि मी पुस्तक मिटून मागे जाई. तेलाची तोटी बंद करायची, इंजन पुढे ओढून पाय पाण्याबाहेर काढायचा, खटका अडकवायचा, पाणी गळू द्यायचे. मग दांड्याला दोरी बांधून फळीला आवळलेले पेच सैल करायचे. एकदा मी पेचाला आधी हात घातला, तर दादा ओरडले, "आधी दोरी, मंग पेच! नदीले इंजननी भूक शे!" शेवटी ते आत घेऊन गोधडीवर निजवायचे, डोक्याखाली उशी देऊन. डोके खाली गेले तर पायातले पाणी उलटे पोटात शिरते. "डोकं वर, पाय खाली," हे ते दर वेळी बजावत.

दादा गेले ते तापाने. पाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तरीही दारावर बसायला आलेल्यांपैकी दोघातिघांनी होडीकडे पाहून मान हलवलीच.

अस्थी प्रकाशे येथे संगमावर न्यायच्या होत्या. दादांच्याच होडीतून न्यायच्या, हे काकांनी ठरवले. तेवढे एक त्यांनी बरोबर ठरवले. कलश माझ्या मांडीवर. अग्नी मी दिला होता, त्यामुळे कलश दोन्ही हातांनी मीच धरायचा आणि कुठेही टेकवायचा नाही. निघताना वहिनी दाराआडून एवढेच म्हणाल्या, "त्यास्नं इंजन पानीमा ऱ्हावाले नको, भाऊ." दुसरे काही मागण्यासारखे त्यांच्याकडे उरले नव्हते.

उंच दरडीच्या आड वारा पडला, तेव्हा चुलतभावाने हौसेने इंजन चालू केले. दरड संपली, पश्चिमेचा वारा मागून आला, शीड चढले. इंजन बंद केले, पण पाय पाण्यातच. मी म्हटले, ते वर घ्या.

"तू कलश सांभाळ, भाऊ," काका म्हणाले. "इंजननं आम्ही दखी लेसूत."

कोणी पाहिले नाही. चुलतभाऊ तपकीर ओढत बसला. पुढे पाण्याचा रंग बदललेला मला दिसला, आणि माझ्या तोंडून दादांचा शब्द निघाला, "उचला! उचला!"

सुतकात आमच्या घरी तो शब्द कोणी उच्चारत नाही. पाटसुद्धा 'उचल' म्हणत नाहीत, 'घे' म्हणतात. उचलायचे असते ते एकच, मयत, असे समजतात. त्यामुळे माझा शब्द ऐकताच चुलतभाऊ दचकून उठला. "भाऊ म्हनस उचला! चला, उठा!" राम राम म्हणत दोघेही कलशाकडे झेपावले, होडी कलली, आणि मागे खडकावर पंखा कडाडला.

काका माझ्यावरच उखडले. "अस्थी मांडीवर अन् तोंडमा इंजन! लाज शे का तुले? मरी गया तरी त्यानं खूळ सुटत नै!"

आजही ते वाक्य आठवले की माझी कानशिले तापतात. खूळ! ज्याच्या खुळावर बसून तुम्ही बाजार केलेत, ज्याच्या हाडांना त्याच खुळातून नेत होता, त्याची वस्तू खडकावर फुटत असताना तुम्हाला शब्दाचा विटाळ आठवला.

कलश टेकवायचा नाही, असे मला सांगितले होते. दुसऱ्याच्या मांडीवर द्यायचा नाही, असे कोणी सांगितले नव्हते. मी तो काकांच्या मांडीवर दिला. त्यांना दोन्ही हातांनी तो धरावाच लागला, आणि धरल्यावर त्यांचे तोंडही थांबले. मी मागे गेलो. आधी पाय वर, खटका, पाणी गळू दिले. मग दोरी. मग पेच. गोधडी कोणी आणली नव्हती. मी माझे उपरणे पसरले, उशीला शिडाची जादा गुंडाळी दिली. पंख्याचे एक पाते मुडपले होते. बाकी इंजन शाबूत होते. मग हात धुऊन मी कलश परत घेतला आणि संगमावर जे करायचे ते केले.

खाली ठेवले म्हणतात. दादा एक क्षणही खाली नव्हते.

घरी आल्यावर वहिनींनी मुडपलेल्या पात्यावरून बोट फिरवले. "पानी गयं का मजार, पोटमा?"

"नाही."

त्या आत गेल्या आणि दादांची गोधडी घेऊन आल्या. आता लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही. इंजन त्याच गोधडीवर आहे. झाडताना ते हलवावे लागले, तर वहिनी मला हाक मारतात आणि 'घ्या' असे जपून म्हणत नाहीत, सरळ म्हणतात, "भाऊ, उचला."