रायमोंदामावशीच्या पिंपातलं फूल

रायमोंदामावशीनं पिंपाचं बूच काढलं, भोकाला नाक लावलं आणि तशीच वाकून राहिली. मला वाटलं कंबर धरली.

"मावशी?"

तिनं भोकात बोट घातलं. बोट ओलं झालं. झालं ते एवढंच, पण बाईच्या तोंडावरचं रक्त उतरलं. त्या पिंपात दारू कायम बुचाच्या वीतभर खाली असायची. बोट ओलं व्हायचं काही कारणच नव्हतं.

"फूल कुठाय?" ती पुटपुटली. "पेप्पे, तू बघ. माझे डोळे गेलेत."

मी बारातिली गावातला पिंपं दुरुस्त करणारा. दर मे महिन्यात मावशीच्या तिन्ही पिंपांचे पट्टे ठोकायला जातो. बॅटरी लावून पाहिलं. दारू काठोकाठ. वर काही नाही. माझ्या हातातली हातोडी कधी खाली पडली, मला कळलंसुद्धा नाही.

आमच्या वेर्नाच्चा दारूला वर मोकळी हवा लागते. मग दुधावर साय धरावी तशी तिच्यावर पांढरी कातडी धरते. तेच फूल. त्याच्या पांघरुणाखाली दारू वर्षानुवर्षं मुरते, तिला कडू बदामाचा वास येतो. पांघरूण गेलं की दारू आंबून तिचा सिर्का व्हायला कितीसा वेळ लागतो!

त्यातलं मोठं पिंप मावशीच्या बापाचं. वाटण्या झाल्या तेव्हा भावांनी जमीन घेतली, हिनं पिंप मागितलं. सासरी आणताना बैलगाडीपुढं नवरी स्वतः चालत होती. खड्डा दिसला की बैल थांबवायची आणि वऱ्हाडाला दटवायची, "बोंबलू नका, फूल फाटंल!" तिच्या घरून पेला न घेता कुणी परत गेलेला नाही. बोय माशाच्या वाळवलेल्या गाबोळीच्या दोन चकत्या आणि पेला, मीटर बघणाऱ्यालासुद्धा. एकदा नव्या डॉक्टरानं 'कामावर असताना घेत नाही' म्हटलं, तर मावशीनं वर्षभर दुखणी अंगावर काढली, पण त्याच्या दारात गेली नाही.

तेवढ्यात जावई हसत हसत तळघरात उतरला. दारियो. तिकडं उत्तरेच्या पिएमोंतचा, पिढीजात द्राक्षमळेवाल्यांच्या घरातला. लेक आणि तो परवाच आले होते.

"बघितलंत, आई? काल तुम्ही चर्चला गेलात ना, तेवढ्यात उरकलं. बाबा गेल्यापासून तुमच्यानं होत नसणार, तिन्ही पिंपं अर्धवट राहिली होती. बुधल्यांतली गेल्या सालची दारू नळीनं सोडली आणि भरून टाकली. आमच्याकडे पिंपात बोटभर जागा राहिली तरी शेजारी हसतात."

मी डोळे मिटून घेतले. आता मावशी हातोडी उचलून घेते की काय! पण मावशीचा आवाज चढलाच नाही.

"जावईबापू," ती म्हणाली, "तुम्ही माझा बाप बुडवलात."

दारियोनं माझ्याकडं पाहिलं. फूल तरंगायचं ती वरची जागा मी बोटानं दाखवली, मग ते बुडालं तो तळ दाखवला. हळूहळू त्याला उमगलं आणि तो मटकन पायरीवर बसला. भला माणूस. एखादा हरामखोर असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

दुपारपर्यंत गावभर झालं. बायका काळ्या शाली घेऊन आल्या, कुणी साखर आणली, कुणी कॉफी. मयताच्या घरी आणतात तशी. ज्यानं त्यानं बुचाशी नाक नेऊन बघितलं आणि तोंडावर हात ठेवून मागं सरला.

वेळूच्या नळीनं वरची वीतभर दारू काढली आणि आम्ही वाट बघत बसलो. तीन आठवडे गेले. दोन पिंपांना नखं रंगवायच्या रंगासारखा वास सुटला, म्हणजे ती गेलीच. बापाच्या पिंपाला अजून वास नव्हता, पण फूलही नव्हतं. आत नुसतं उघडंनागडं तपकिरी पाणी.

"विरजण लावावं लागंल," मी म्हणालो.

"कुणाचं?"

कुणाचं ते तिला माहीत होतं. आमच्या गल्लीत तसलं जुनं फूल एकाच घरी होतं, तेरेजिना मांकाकडं. एकतीस वर्षांपूर्वी तेरेजिनाचं पिंप आंबलं, तेव्हा ती पळीभर फूल मागायला आली होती. मावशीनं तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. "फूल म्हणजे काय मीठ आहे, उसनं द्यायला?" तेव्हापासून चर्चमध्ये एक डाव्या बाकावर, दुसरी उजव्या.

मावशीनं केस विंचरले, चांगली शाल घेतली, मला आणि दारियोला बरोबर घेतलं. तेरेजिना अंगणात बाकल्याच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"कोण मेलं?"

"माझं पिंप."

"ऐकलं."

"तेरेजिने, पळीभर दे."

आता ती मिठाचा शब्द परत फेकणार, अशी मी मनाची तयारी केली. तेरेजिना उठली, आत गेली. बऱ्याच वेळानं वाटी घेऊन आली, वर पांढरी साय तरंगत होती.

"घे. तुझंच आहे."

"माझं?"

"तू मला हाकललंस, त्याच आठवड्यात तुझा नवरा आंतियोगो आला होता. वाटी टोपीखाली झाकून! म्हणाला, रायमोंदाला कळलं तर मला पिंपात बुडवून मारंल."

मावशी तिथंच उंबऱ्यावर बसली. ज्या दिवशी फूल गेलं त्या दिवशीसुद्धा तिचा चेहरा असा झाला नव्हता.

"माझा आंतियोगो? अगं, मला विचारल्याशिवाय तो मोजे बदलत नव्हता!"

"मोज्यांचं मला ठाऊक नाही," तेरेजिना म्हणाली.

मावशीनं वाटी नाकाशी नेली. मग पुन्हा नेली. "बापाच्या खोलीचा वास," असं काहीतरी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

दारियो पुढं झाला. "आणा आई, मी धरतो."

"तुम्ही हात मागं बांधून चाला, जावईबापू!"

ती पुढं, वाटी दोन्ही हातांत. गल्लीतल्या प्रत्येक खड्ड्याशी थांबत ती घरी आली. पळीची पाठ दारूला टेकवून तिनं ती साय अलगद सोडली, जराही बुडबुडा न येऊ देता.

एकोणिसाव्या दिवशी बूच काढायला तिनं मलाच लावलं. मी बॅटरी लावली. तळहाताएवढं पांढरं धरलं होतं, कडा पसरायला लागल्या होत्या.

"धरलंय, मावशी."

तिनं स्वतः वाकून बघितलं. मग त्या पिंपातली दारू न काढता बाटलीतली जुनी दोन पेले ओतली. "एक तेरेजिनाला नेऊन दे. म्हणावं, रविवारी माझ्या बाकावर जागा आहे."

दुसरा पेला मी आंतियोगोकाकांच्या फोटोपुढं ठेवायला गेलो, तर फोटोचं तोंड भिंतीकडं.

"राहू दे तसाच," मावशी म्हणाली. "एकतीस वर्षं गप्प बसला मेला. महिनाभर भिंत बघंल, मग देते त्याला."