समोरच्या काकूंचा नंबर

हे बायकोलाही कधी सांगितलं नाही. वेबसाइट तपासायला खोटी नावं आणि फोन नंबर पुरवणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामरना वापरता येईल असा तयार कोड, मी इंद्रलोक सोसायटीतल्या घरी लिहिली, पण त्यातली माणसं खरी होती. खोटी माणसं रचायचा कंटाळा आला आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून सभासदांची यादीच आत घातली. पॅकेज करताना माझं नाव नीट छापलंय ना, हे चारदा तपासलं. यादी काढायची तेवढी राहिली. लायब्ररी तशीच जगभर फुकट वाटली. एवढी लोकसेवा कुठल्या सेक्रेटरीने केली असेल?

महिन्याभरात समोरच्या काकू मोबाइल घेऊन आल्या.

"अरे, दिवसभर मेसेज येतायत, 'नोंदणी झाली, अभिनंदन!' मी केलं तरी काय?"

"व्हायरस असेल, काकू. नंबर बदला."

त्यांनी बदलला, वर मला वाटीभर शिरा दिला. तो मी खाल्लाही. पुढच्या आवृत्तीतून यादी काढली आणि बदलांच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

भांडून दुबईला गेलेल्या त्यांच्या मुलाकडे मात्र जुनाच नंबर होता. "त्याने एकदाही फोन केला नाही रे," असं काकू अजून म्हणतात.

त्याने कदाचित केला असेल, हे त्यांना सांगायचं देणं मी अजून लागतो.