मांडीवरची राखण

दुपारचं जेवण उरकलं की नुन्झिया आंब्याखाली आरामखुर्ची टाकायची, डोळे मिटायची आणि कोंबड्या राखायची. हसू नका. लग्न होऊन समुद्रापलीकडून या उसाच्या गावात आली तेव्हापासून तिची हीच रीत होती.

नवऱ्यानं, कार्मेलोनं, ऊस वाहणाऱ्या छोट्या आगगाडीच्या जुन्या रुळांचे खांब रोवून खुराडं बांधलेलं. बारीक जाळी हातभर जमिनीत पुरलेली, वरूनही ओढलेली. रात्रीचा घोर मिटला होता. पण दुपारी कोंबड्यांना गवतात मोकळं सोडल्याशिवाय या बाईला चैन पडायचं नाही, आणि आभाळातला ससाणा अन् उसातला अजगर नेमकी तीच वेळ साधायचे.

"झोपलीस काय गं?" कार्मेलो विचारायचा.

"डोळे झोपलेत. कान जागे आहेत."

आणि असायचेच जागे. अर्धवट झोपेत तिला सगळं कळायचं. अंडं घातल्याची फुशारकी वेगळी, किड्यावरून भांडण वेगळं. ससाणा दिसला की एकच लांब किंकाळी. अजगर दिसला की थांबून थांबून टकटक. किंकाळीला ती उठून टाळ्या पिटायची. टकटकीला झाडूचा दांडा घ्यायची, अजगराला अलगद उचलून पोत्यात घालायची आणि उसात नेऊन सोडायची, जा बाबा, उंदीर खा म्हणून.

कार्मेलो गेला. मग एकेक आवाजही गेला. आधी बेडूक गप्प झाले, मग चुलीवरच्या कॉफीची खदखद. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, खरं सांगायचं तर. जग कापसात गुंडाळल्यासारखं मऊ झालं होतं आणि दुपारी तिला फार गोड झोप लागायची.

एका दुपारी सावली अंगावरून सरकली, म्हणून तिनं डोळे उघडले. समोर सगळ्या कोंबड्या चोची वासून उभ्या. गळे फुगत होते, पंख थरथरत होते आणि आवाज म्हणून नव्हता. हवेत पांढरी पिसं तरंगत होती. तिला वाटलं, स्वप्नच आहे. बघत बसली बया! तेवढ्यात ससाणा एका तलंगेला घेऊन उसापलीकडे गेलासुद्धा. म्हातारी कोंबडी रेजिना त्याच्या तावडीतून सुटली, पण तिचा पंख मोडला.

रविवारी शहरातून मुलगा आला, रिनो.

"मम्मा, आणखी एक गेली ना, तर पिंजरे आणून सगळ्या घेऊन जाईन. आणि तुलाही."

"मला काय कोंबडी समजतोस?"

"कोंबडी बरी. संध्याकाळी आपणहून घरात तरी येते. अशी झोपतेस कशी तू?"

"लागला डोळा. म्हातारीला झोपही लागू नये काय?"

ती ओठ बघून बोलणं ओळखायची, म्हणून त्याला पत्ता नव्हता. कान गेलेत हे कळलं असतं, तर त्यानं पिंजऱ्यांचीही वाट बघितली नसती. हे घर, हा आंबा, ही खुर्ची, सगळं सुटलं असतं. 

"निदान त्या रेजिनाचं सूप कर. अंडं देत नाही, पंख मोडका."

"तुझंच करते, थांब!"

पंखाला चिंध्या बांधून तिनं रेजिनाला मांडीवर घेतलं. हलायला नको म्हणून. ऊबदार भार, त्याखाली श्वासाची वरखाली. दोघी पेंगायच्या. एक दिवस तो भार एकाएकी चपटा झाला, दगडासारखा. नुन्झियानं डोळे उघडले. रेजिनानं मान तिरकी करून एक डोळा आभाळाला लावला होता, आणि वर ससाणा फिरत होता. नुन्झियानं अशा टाळ्या पिटल्या की हात लाल झाले. पुढे एकदा रेजिना ताडकन उठली, नखं मांडीत रुतली, नजर जमिनीकडे. अजगर लाकडांच्या ढिगाजवळ होता.

"अगं माझ्या राणी!" म्हणून नुन्झियानं तिच्या तुऱ्याचा मुकाच घेतला.

ऊस वाढला, त्याला तुरे आले. पंख बरा झाला, तरी जेवण झालं की रेजिना स्वतःच मांडीवर चढायची. हात तिच्या पाठीवर ठेवून नुन्झिया पुन्हा पूर्वीसारखी झोपू लागली.

पण शेजारीण गप्प बसते थोडीच! तुझ्या आईला कुंपणावरून हाका मारून घसा बसतो, असं तिनं रिनोला फोनवर सांगितलं. दुसऱ्याच दुपारी तो गाडीत पिंजरे घालून आला.

"मम्मा!" तो घराच्या पायरीवरून ओरडला. तिची पाठ त्याच्याकडे होती. "मम्मा!"

ती हलली नाही. तो धावणार, इतक्यात मांडीवरची रेजिना ताडकन उठली. नुन्झियानं डोळे उघडले, तिला खाली ठेवलं, दांडा घेतला आणि सरळ लाकडांच्या ढिगाकडे गेली. रिनोला तिथं काहीच दिसलं नव्हतं. तिनं मात्र दंडाएवढा अजगर उचलून पोत्यात घातला, तोंड बांधलं आणि वळली.

समोर रिनो. मागे गाडीत पिंजरे. सगळं तिच्या ध्यानात आलं.

"कधी आलास? डोळा लागला होता रे."

रिनोनं एकदा रेजिनाकडे बघितलं आणि तो पुढे आला. तिला तोंड दिसेल असा अगदी समोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं म्हणाला, "पिंजरे शेजारणीला द्यायचेत. कोंबड्या इथंच राहतील. तूही."

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते तिचे. मग खुर्चीत बसली, रेजिनाला मांडीवर घेतलं आणि पोतं त्याच्या हातात दिलं.

"ओरडतोस कशाला?" ती म्हणाली. "रेजिनाला ऐकू येतं."