दिवेलागणीची विधानं

‘सर्व कपाटे झाडे आहेत. काही झाडे पंखे आहेत.’ हे खरं मानून पुढे चालायचं, ही बुद्धिमत्ता चाचणीची पहिली अट. कपाट झाड कसं, हे विचारायचं नाही. माझं सगळं तारुण्य ही अट पाळण्यात गेलं. तलाठी, ग्रामसेवक, लिपिक, जी भरती निघेल ती दिली. बाकीच्या विषयांनी मला बरंच रडवलं, पण विधान-निष्कर्ष कधी चुकला नव्हता. एवढी एकच गोष्ट मला येते, असा माझा समज होता.

वयाच्या अटीतली शेवटची परीक्षा राहिली, त्या वर्षी मी जामखेडला एका कापड दुकानात कामाला होते. दिवसभर उभं राहून साड्या उलगडायच्या आणि बाई ‘बघून येते’ म्हणून गेली की घड्या घालायच्या. वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन खर्ड्याच्या अलीकडे आमच्या गावात उतरेपर्यंत दिवेलागण व्हायची. मग भाकऱ्या. अभ्यासाला वेळ कुठून आणायचा?

ती अडचण सासूबाईंनी सोडवली. त्यांचं शिक्षण चौथी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वाचायचा सोस लागला होता. औषधाच्या बाटलीपासून खताच्या पोत्यापर्यंत काही सुटायचं नाही. एक दिवस माझं नवं पुस्तक उचलून म्हणाल्या, “तू भाकरी थाप. मी वाचते, तू सांग.” तेव्हापासून हा आमचा शिरस्ताच झाला. देवापाशी दिवा लावला की त्या चुलीजवळ पाट घेऊन बसायच्या आणि एकेक शब्द तोडत वाचायच्या. मी परातीतल्या पिठावर बोटानं वर्तुळं काढायची, एकात एक, एकावर एक, आणि उत्तर सांगून ती वर्तुळं मळून टाकायची. सासूबाई पुस्तकाच्या मागची उत्तरं बघायच्या.

“चूक,” म्हणायच्या हळूच.

पहिल्यांदा वाटलं, दमल्यामुळे होतंय. पण रोज तेच व्हायला लागलं. गंमत म्हणजे हे पुस्तक मला आधीच्यांपेक्षा सोपं वाटत होतं, आणि तरी निम्म्या उत्तरांना सासूबाईंचं ‘चूक’ ठरलेलं. जे एक येत होतं तेही गेलं. उघडून तपासावं एवढं त्राण अंगात नव्हतं. रात्री पुस्तक बघितलं तरी मला राग यायचा. डोकं घासून घासून गुळगुळीत झालं असणार, असं मी मनाशी धरून टाकलं.

एक दिवस जेवताना नवऱ्याला सांगितलं, “यंदा मी बसत नाही परीक्षेला.” ते टेम्पो चालवतात, दिवसभर रस्त्यावर बोलून झालेलं असतं, त्यामुळे घरी कमी बोलतात. “तुझी मर्जी,” म्हणाले. सासूबाईंनी हातातला घास तसाच ताटात ठेवला.

शेजारची पोरगी भरतीची तयारी करत होती. पुस्तक तिला देऊन टाकावं म्हणून रविवारी मी त्यातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायला बसले. सासूबाई चुकलेल्या प्रश्नापुढे फुली करायच्या. अशा एका फुलीपाशी माझा हात थांबला. प्रश्न छापला होता: ‘सर्व मुली विद्यार्थी आहेत. एकही विद्यार्थी अधिकारी नाही. निष्कर्ष: एकही मुलगी अधिकारी नाही.’ निष्कर्ष निघतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र ‘निघत नाही’ म्हटलं होतं. आणि मला चांगलं आठवत होतं, मी ऐकलं होतं ते असं: ‘काही विद्यार्थी अधिकारी हायत. काही मुली अधिकारी हायत.’

पुढची फुली पाहिली. तिथेही ‘नाही’. त्याच्या पुढचीही तशीच. जिथे जिथे ‘नाही’ होतं, तिथे तिथे फुली होती.

पुस्तक घेऊन मी अंगणात गेले. सासूबाई शेंगा फोडत होत्या.

“आई, तुमी हे असं वाचलं नव्हतं.”

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. “कसं वाचू? दिवा लावल्याला, तू म्होरं बसल्याली, आन म्या म्हनू, येक बी पोरगी अधिकारी न्हाई? वास्तू तथास्तु म्हनती.”

“आन कपाटं? कपाटांचं काय?”

“न्हाई ते न्हाईच. घर काय इचारतंय, कुनाचं म्हून?”

आमच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतं. हे मला नव्यानं कळायचं नव्हतं. तरी मी त्यांच्यावर फार चिडले. “माझं डोकं गेलं असं धरून बसले होते मी, आई,” एवढंच तोंडातून निघालं आणि रडू फुटलं. त्या घाबरल्या. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग उठल्या, पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि अंगण ओलांडून रस्त्याकडेच्या बाभळीखाली गेल्या. तिथे एक दगड आहे, त्यावर बसल्या.

“हितं ये,” म्हणाल्या. “हितनं घराला ऐकू जात न्हाई.”

त्यानंतर रोज तिथेच. भाकऱ्या उशिरा व्हायला लागल्या, पण नवऱ्यानं तक्रार केली नाही. सासूबाई आता ‘न्हाई’ ठणकावून वाचायच्या, येणारा-जाणारा बघत राहायचा. मी मातीत काडीनं वर्तुळं काढायची. एकही फुली पडत नव्हती. मी परीक्षेला गेले, नगरला. विधान-निष्कर्षाचे सगळे प्रश्न बरोबर आले, हे मला वर्गातून बाहेर पडतानाच माहीत होतं.

निकाल दुकानात असताना मोबाईलवर पाहिला. यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. मग उरलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या आणि जीप पकडली.

घरी पोचले तेव्हा सासूबाई देवापाशी वात करत होत्या. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी हात वर केला, बोलू नको म्हणून. वात तशीच ठेवून उठल्या आणि माझ्या मनगटाला धरून मला बाभळीखाली घेऊन आल्या. दगडावर बसल्या.

“हं. सांग आता.”

“न्हाई झालं, आई.”

त्यांनी मान हलवली. “बरं. हितंच ऱ्हाऊ दे ते. घरात नगं न्यायला.”

मी तिथेच पोटभर रडून घेतलं. मग आम्ही दोघींनी पाय धुतले आणि दिवा लावायला आत गेलो.