तपासणीही बाय-टू

मूल होत नसलेल्या घरात पहिली सुई कुणाच्या दंडात घुसते? उत्तराची घाई करू नका. आपल्याच नात्यातलं एखादं घर आठवून पाहा. हा प्रश्न मी एका गेलेल्या माणसाच्या वतीने विचारते आहे. काही आठवड्यांपूर्वी सकाळीच सुमाक्कांचा फोन आला. "अण्णा गेले ग. अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं, ते तसंच आहे..." त्यांनी फोन ठेवलाच नाही. त्या घरात आता दुसरं कुणी नाही, हे मला त्या न ठेवलेल्या फोनवरूनच कळलं. आमच्या मारतहळ्ळीहून त्यांच्या जे. पी. नगरला जाताना रिक्षात मी रडले नाही. मला राग येत होता. तो कुणाचा, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

रघुअण्णा आणि सुमाक्का माझे नातेवाईक नव्हेत. पुण्याहून नोकरीसाठी या कन्नड मुलखात आलो तेव्हा मी आणि माझा नवरा निखिल त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. त्यांचं मराठी घराणं कैक पिढ्या इथलंच, त्यामुळे बोलण्यात 'स्वल्प थांब' (जरा थांब) आणि 'सरी, सरी' (बरं, बरं) असं कन्नड सहज यायचं. खरी ओळख झाली ती एका चूर्णामुळे. लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल होत नव्हतं, आणि सासूबाई पुण्याहून येऊन मुक्काम ठोकून होत्या. कोपऱ्यावरच्या आयुर्वेदिक दुकानात जाऊन त्यांनी माझ्यासाठी 'मूल, मूल' असं हातवारे करत औषध मागितलं आणि एक डबी आणली. मी ते कडू चूर्ण निमूटपणे घेत होते. अण्णा भाड्याची पावती द्यायला वर आले, डबीवरचं कन्नड वाचलं आणि दाराच्या चौकटीला धरून हसत सुटले. "अहो ताई, इथे मूल म्हणजे मूळव्याध! हिला मूळव्याधीचं देताय?" सासूबाईसुद्धा हसल्या. मग अण्णांनी हसतच विचारलं, "आणि निखिलला काय देताय?" सासूबाईंचं हसू थांबलं. "त्याला काय झालंय? रोज जिमला जातो."

हे वाक्य मी तोवर किती तोंडांतून ऐकलं होतं! पुरुष धडधाकट दिसतो म्हणजे तो बाप होऊ शकतो. पलंगावर अडचण नाही म्हणजे वीर्यात अडचण नाही. बाईने टेन्शन सोडलं की राहतंच. रात्री पाय भिंतीला टेकवून झोपायचं... सगळं बाईच्या अंगाशी येऊन थांबायचं. माझं रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, नळ्यांची तपासणी झाली. आता भूल देऊन पोटात दुर्बीण घालायचं ठरत होतं. डॉक्टरांनी निखिलची तपासणी लिहून दिली होती. एक साधा नमुना द्यायचा, कापाकापी नाही, भूल नाही. पण कधी त्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज असायचा, कधी घसा धरलेला असायचा.

माझे वडील पत्रकं छापायचे आणि मी ती गल्लीगल्लीत वाटायचे. त्यामुळे भांडण्याची मला एकच रीत माहीत होती. मी एक पत्रक लिहिलं आणि अण्णांना वाचायला दिलं. मूल न राहण्याचं कारण पुरुषात असू शकतं, दोघांत असू शकतं, कधी कधी सापडतच नाही, म्हणून दोघांची तपासणी एकाच वेळी झाली पाहिजे, असं त्यात होतं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"छान रागावलीयस. पण हे बायका वाचतील आणि रडतील. नवरे वाचणार नाहीत."

"मग त्यांना हात धरून नेऊ का?"

"हो," अण्णा म्हणाले. "मला कुणी नेलं नाही."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांनाही मूल झालं नव्हतं; तरुणपणी ते तपासणीसाठी एकटेच लॅबमध्ये गेले होते. दोनदा दारातून परत फिरले. बाकड्यावर सगळ्या बायका, प्रत्येकीजवळ आई नाही तर बहीण. पुरुष हा एकटाच, आणि खिडकीतला माणूस मोठ्याने विचारतोय, कसली तपासणी? सख्ख्या भावालाही ते हे सांगू शकले नव्हते. "ऑफिसात सगळे विचारायचे, बायकोला कुठे दाखवतोयस? मला काय वाटतंय ते कुणी... असो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खालूनच हाक मारली, "ए पैलवान, चल. मी बाहेर बसतो." निखिल गेला! तिथल्या नर्सने अण्णांना विचारलं, मुलगा का तुमचा? "छे, भाडेकरू," अण्णा म्हणाले. "पुढच्या आठवड्यात समोरच्या घरातला आणतो." नंतर हॉटेलात उभ्याने त्यांनी बाय-टू कॉफी मागवली, एका कपाची दोन पेल्यांत. निखिलने म्हटलं, पूर्ण घेऊ की, मी देतो पैसे. अण्णा म्हणाले, "काही गोष्टी बाय-टूच असतात रे. कॉफी, मूल, तपासणी. एकट्या बाईच्या गळ्यात फुल कप कशाला?" ही गोष्ट निखिलने मला जिन्यातच सांगितली आणि खूप दिवसांनी माझा हात धरला. त्याच्या रिपोर्टात काय आलं, आज आम्हाला मूल आहे की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्याचं बोट लगेच कुणाकडे तरी वळेल, आणि तेच मला नको आहे.

अण्णांच्या तेराव्याला म्हैसूरहून आलेल्या एक नातेवाईक बाई सुमाक्कांजवळ सरकून बसल्या. सांत्वनाचे दोन शब्द झाले, मग आवाज खाली गेला. "आता तेही गेले. आता तरी सांगा, दोष कुणात होता?" सगळा संसार सुमाक्कांनी हा प्रश्न ऐकला होता, पण तेव्हा शेजारच्या खुर्चीत अण्णा असायचे. मी उसळून उठणार होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आमच्यात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे दोघांत?"

"आमच्यात," त्या पुन्हा म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले. 'आमच्यात' म्हणणारी बाई ओट्याला टेकून एकटी उभी होती.

निघताना जिन्याखाली अण्णांची स्कूटर दिसली. तिला दोन हेल्मेटं अडकवलेली आहेत. अक्का स्कूटरवर कधीच बसल्या नाहीत. दुसरं हेल्मेट त्यांनी नेलेल्या नवऱ्यांचं. आत वेगवेगळ्या डोक्यांचा घाम मुरलेला आहे, आणि त्यातला एकही नवरा तेराव्याला 'मला अण्णांनी नेलं होतं' असं तोंड उघडून बोलला नाही. रिक्षातला माझा राग या तोंड मिटलेल्या नवऱ्यांचाच होता.

म्हणून ज्या पुरुषांनी ही तपासणी केली आहे, त्यांना विनंती आहे. आजच एका मित्राला फोन करा. तुमच्या रिपोर्टात काय होतं ते सांगू नका, त्याच्या बायकोची चौकशी करू नका. एवढंच म्हणा, "मी गेलो होतो. तूही चल, मी बाहेर बसतो."